डीन मिजलीचं गौरववर्ष

डीन मिजली क्रॅगफर्डला चालला ही बातमी आली तेव्हा विल्फ्रेड एकरॉइडच्या हातात केस कापायचं मशीन होतं आणि मशीनखाली नॉर्मन ग्रीनवुडचं डोकं होतं. बातमी नॉर्मननेच फोनमध्ये बघून मोठ्याने वाचली. हा त्याचा गाढवपणा. न्हाव्याच्या हातात मशीन चालू असताना त्याला वाईट बातमी सांगू नये, एवढी अक्कल साठी उलटलेल्या माणसाला हवी. विल्फचा हात कपाळापासून थेट मानेपर्यंत गेला आणि नॉर्मनच्या डोक्यावर मधोमध एक स्वच्छ रस्ता तयार झाला.

"काय म्हणालास?" विल्फने विचारलं.

"डीन मिजली. पुढच्या हंगामापासून क्रॅगफर्ड." नॉर्मनने डोक्यावरून हात फिरवला. "आणि हे काय करून ठेवलंस रे?"

"तुझं डोकं राहू दे. पुन्हा वाच."

नॉर्मनने पुन्हा वाचलं. बातमी बदलली नाही, डोकंही सुधारलं नाही.

थॉर्नशॉ आणि क्रॅगफर्ड यांच्यात पाच मैलांचं अंतर आहे आणि एक कालवा आहे. आमच्या थॉर्नशॉची पोरगी क्रॅगफर्डच्या पोराशी लग्न करते तेव्हा तिची आई चर्चमध्ये ढसाढसा रडते, आणि ती पोरगी लांब चालली म्हणून नव्हे. डीन तर आमच्या संघाचा प्रॉप. बारा वर्षं सगळ्यात पुढे उभा राहून मार खाणारा माणूस. त्याचं नाक सहा वेळा मोडलं आणि सहाही वेळा थॉर्नशॉसाठीच मोडलं. रग्बी लीगच्या गावात याहून मोठं शिफारसपत्र नसतं.

त्यातून हे त्याचं गौरववर्ष. दहा वर्षं एकाच क्लबात काढली की आमच्याकडे खेळाडूला हा मान मिळतो. वर्षभर त्याच्या नावाने जेवणावळी होतात, सोडती निघतात, आणि जमेल ते त्याच्या हातात ठेवलं जातं. कारण या खेळात हाडं मोडतात त्या मानाने मोबदला काहीच नसतो. डीनच्या गौरव समितीचा अध्यक्ष विल्फ होता. दुकानाच्या मागच्या खोलीत चहाचे सहाशे मग येऊन पडले होते. प्रत्येक मगावर डीनचं मोडकं नाक आणि खाली ठसठशीत अक्षरं, 'जन्मभर थॉर्नशॉचा'.

"सहाशे मग!" विल्फ खुर्चीवर बसला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर, म्हणजे जवळजवळ नॉर्मनच्या मांडीवरच. "बारा वर्षं या पोराचे केस कापले मी. एकदाही वाट बघायला लावली नाही. आणि हा चालला कालवा ओलांडून!"

विल्फची बायको डोरीन वरच्या मजल्यावरून चहा घेऊन उतरली. तिने आधी नॉर्मनचं डोकं बघितलं, मग नवऱ्याचं तोंड बघितलं आणि काय झालं ते तिला कळलं.

"जाईल नाहीतर काय करेल?" ती म्हणाली. "तेहेतीस वर्षांचा घोडा झालाय. गुडघ्याचं खोबरं झालंय. क्रॅगफर्डवाले दोन वर्षांचा करार देतायत आणि आपला क्लब एका वर्षासाठी का कू करतोय."

"निष्ठा म्हणून काही चीज असते, डोरीन!"

"असते ना. पण ती शिजवून पोरांच्या ताटात वाढता येत नाही."

"आधी माझं डोकं पुरं कर," नॉर्मन म्हणाला. "मग दोघं भांडा."

नॉर्मनचा चकोट करून झाल्यावर विल्फ तडक डीनच्या घरी गेला. डीनने खोटं काही सांगितलं नाही. डोंगराएवढा माणूस, पण शाळेत पकडलेल्या पोरासारखा दारात उभा होता. "बोलणी झाली आहेत, विल्फ. सही नाही केली अजून. गौरवाच्या जेवणात सगळ्यांना माझ्या तोंडाने सांगेन आणि मगच सही करेन. तेवढं तरी देणं लागतोच मी गावाचं."

गौरवाचं जेवण तीन आठवड्यांनी होतं, रविवारी दुपारी. विल्फ परत आला तो डोळ्यांत वेगळीच चमक घेऊन.

"सही झालेली नाही," त्याने नॉर्मनला सांगितलं. "म्हणजे अजून पोरगा आपलाच आहे. तीन आठवड्यांत त्याच्यावर एवढं प्रेम करायचं, एवढं प्रेम करायचं, की त्याचा पायच निघता कामा नये."

"आणि नाहीच राहिला तर?"

"राहणार! मला तो हवाय. मैदानात पुढच्या रांगेत डीन दिसला नाही तर मी शनिवारी काय भिंत बघू?"

आमच्या गावाला प्रेम करायची सवय नाही. इथे माणूस मेल्यावर 'बरा होता' म्हणतात, आणि तेही घरचे. पण विल्फने एकदा रान उठवलं म्हटल्यावर सगळे मागे लागले. तळलेले मासे विकणाऱ्या मिसेस पिकल्सने 'मिजली स्पेशल' काढलं आणि ते खुद्द मिजलीला फुकट. बसचा ड्रायव्हर थांबा सोडून डीनच्या दाराशी बस थांबवू लागला. डीन स्वतःच्या गाडीने जातो हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं, तरी तो थांबतच राहिला. चर्चमध्ये विकरसाहेबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली आणि त्यात डीनचं नाव घेतलं. खिडक्या पुसणाऱ्याने त्याच्या खिडक्या एका आठवड्यात चार वेळा पुसल्या, त्यातल्या एका वेळी डीन आंघोळ करत होता. घरोघरच्या बायका ॲपल क्रंबल, म्हणजे सफरचंदाचा भाजलेला गोड पदार्थ, आणून देऊ लागल्या.

आठवडाभरात डीनची बायको, तिचं नाव केली, दुकानात आली.

"विल्फ, माझ्या फ्रिजमध्ये नऊ ॲपल क्रंबल आहेत. दूध ठेवायला जागा नाही. हे थांबवा, नाहीतर मीच क्रॅगफर्डला जाऊन सही करून येते."

"पण डीन काय म्हणतो?"

"रडतो," केली म्हणाली. "रोज संध्याकाळी क्रंबल खातो आणि रडतो. म्हणतो, एवढी चांगली माणसं आहेत हे मला बारा वर्षांत कळलंच नाही. कळणार कसं? तुम्ही कळू कुठे दिलंत?"

विल्फने त्याच दिवशी 'डीनला ठेवा' अशा मागणीचा एकवीसशे सह्यांचा कागद नेऊन क्लबचे अध्यक्ष सटक्लिफ यांच्या टेबलावर आपटला. सटक्लिफ हा हुशार माणूस. डीन मनाने कालव्यापलीकडे पोचलाच आहे, याची त्याला खात्री होती. आणि जो माणूस घेणार नाही त्याला काहीही देऊ करता येतं. त्याने लगेच दोन वर्षांचा करार लिहिला, स्वतःची सही ठोकली, वार्ताहराला बोलावून डीनच्या हातात तो कागद देताना फोटो काढून घेतला आणि सांगितलं, "जेवणाच्या दिवशी दुपारी बारापर्यंत आमचं दार उघडं आहे." पेपरात फोटो झकास आला. सटक्लिफ त्यात साक्षात दानशूर कर्ण दिसत होता.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. घोळ झाला तो जेवणाच्या आदल्या सोमवारी.

सटक्लिफ केस कापायला आला, खुर्चीत बसला, आजूबाजूला बघून विल्फच्या कानाशी लागला आणि म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. सेमिसी काफोआ यायला तयार आहे."

विल्फच्या हातातला कंगवा खाली पडला. काफोआ म्हणजे टोंगाचा तो सव्वाशे किलोचा पंचवीस वर्षांचा प्रॉप. सिडनीच्या एका सामन्यात त्याने तीन माणसं अंगावर लोंबकळत असताना चाळीस मीटर धावून शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला होता, म्हणजे ट्राय केला होता. अंगावरच्या तिघांनीही ती रेषा ओलांडली.

"आपल्याकडे? थॉर्नशॉला?"

"आपल्याकडे. पण लीगने पगाराला मर्यादा घातली आहे, तुला ठाऊकच आहे. एक प्रॉप गेल्याशिवाय दुसरा परवडत नाही. तेव्हा डीन जातोय ते बरंच म्हणायचं."

"आणि तुम्ही दिलेला तो कागद?"

"तो परत कुठल्या तोंडाने मागू? फोटो आलाय पेपरात!" सटक्लिफ म्हणाला. "पण तो काही सही करत नाही. करतोय होय? काय रे विल्फ, करेल का?"

विल्फने कंगवा उचलला आणि सटक्लिफचं डोकं खाली दाबलं.

न्हाव्याच्या दुकानात सांगितलेलं गुपित किती टिकतं ते वेगळं सांगायला नको. संध्याकाळपर्यंत गावात ही गोष्ट ठाऊक नसलेला एकच माणूस उरला होता आणि तो घरी क्रंबल खात होता. दुसऱ्या दिवसापासून क्रंबल बंद झाले. मिसेस पिकल्सची 'मिजली स्पेशल'ची पाटी पुसली गेली. बस पुन्हा थांब्यावर थांबू लागली. गरज सरो, वैद्य मरो, म्हणतात ते आमच्या गावाने चोवीस तासांत करून दाखवलं.

विल्फ मात्र दोन दिवस ताठ होता. "तत्त्व म्हणजे तत्त्व," तो म्हणाला. "मी डीनचा माणूस आहे."

"तू फक्त हे बघ," म्हणून नॉर्मनने फोन पुढे केला. काफोआ, तीन माणसं, चाळीस मीटर. विल्फने ते एकदा बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. अकराव्यांदा बघून झाल्यावर त्याने एक मोठा उसासा सोडला.

"तसं पाहिलं तर," तो म्हणाला, "डीनच्या भल्याचा विचार आपण कुणी केलाच नाही."

"एकदम बरोबर!" नॉर्मन म्हणाला.

"त्याला बायको आहे, पोरं आहेत. गुडघा असला. आपण आपल्या स्वार्थासाठी त्याला अडकवून ठेवतोय. हे प्रेम नव्हे, नॉर्मन."

"कुणीतरी त्याला हे सांगायला हवं."

"सांगायला हवंच."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जिन्याच्या पायरीवरून डोरीन म्हणाली, "ज्याने राहा राहा म्हणून बोंब ठोकली त्यानेच आता जा म्हणून सांगावं. आणि खरं कारण सांगून मोकळा हो, विल्फ. खोटं बोलायला गेलास तर तोंडावर आपटशील."

पण बायकोचं ऐकलं असतं तर तो विल्फ कसला?

गुरुवारी डीन केस कापायला आला. सकाळची वेळ होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. विल्फने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री घेतली, ठेवली, पुन्हा घेतली.

"बरं नाही का, विल्फ? आज एकदम गप्प?"

"डीन," विल्फ आरशात बघत म्हणाला, "तू जा."

"कुठे?"

"क्रॅगफर्डला."

डीन खुर्चीतल्या खुर्चीत असा गर्रकन वळला की त्याचा कान थोडक्यात वाचला. "तुम्ही सांगताय हे? सहाशे मग छापून?"

"मगांचं सोड रे. चहा कुठल्याही मगात गोडच लागतो." विल्फला आता सूर सापडला होता. "आमचा विचार करू नकोस. बारा वर्षं केलास तेवढा पुष्कळ झाला. केलीचा कर, पोरांचा कर. क्रॅगफर्ड म्हणजे काय परदेश आहे? पाच मैल! आम्हाला वाईट वाटेल, वाटू दे. आमचं काय, आम्ही बाकावर बसणारी माणसं. उद्या तुझा गुडघा बसला तर गाव काय तुला दत्तक घेणार आहे?"

"पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी बघतो. एक माणूस तुला वाकडं बोलणार नाही, ही माझी जबाबदारी."

विल्फ आयुष्यात इतकं खरं कधी बोलला नव्हता. त्या आठवड्यात खरोखरच कुणी वाकडं बोललं नसतं.

डीनचे डोळे भरून आले. त्याने कापडाखालून हात काढून विल्फचा कात्रीसकट हात धरला. "माझा बाप असता ना, विल्फ, तर त्यानेही अस्संच सांगितलं असतं," तो म्हणाला. विल्फच्या छातीत कुठेतरी बारीकशी कळ आली. पण त्याने त्या लोंबकळणाऱ्या तिघांना डोळ्यांसमोर आणलं आणि कळ बसली.

"झालं काम!" दुपारी त्याने गावाला कळवलं. "रडला, पण समजला."

रविवारी क्लबच्या हॉलमध्ये चारशे माणसं जेवायला बसली. मटणाची पाई, शिजवून घोटलेले मटार, वर पुदिन्याची चटणी. निरोपाच्या जेवणाला इतकी आनंदी माणसं मी कधी पाहिली नाहीत. सगळे डीनच्या पाठीवर थापा मारत होते, 'जिथे जाशील तिथे सुखी राहा' म्हणत होते. सटक्लिफने तर भाषणात डीनला 'आपला लाडका लेक' म्हटलं आणि लेक कधीतरी सासरी जायचीच, असंही सुचवून ठेवलं. विल्फ मानाच्या टेबलावर नवी टाय लावून बसला होता.

मग डीन उठला. त्याच्या हातात भाषणाचा कागद होता.

"मी आज तुम्हाला सांगणार होतो की मी चाललो," तो म्हणाला.

टाळ्या सुरू झाल्या. जरा लवकरच झाल्या.

"थांबा, थांबा. तीन आठवडे तुम्ही माझ्यावर जे प्रेम केलंत त्यानेसुद्धा माझा निर्णय बदलला नव्हता. खरं सांगतो. मला वाटत होतं, हे सगळे मला राहा म्हणतायत ते यांना प्रॉप हवाय म्हणून. पण गुरुवारी एक माणूस मला म्हणाला, जा. आमचा विचार करू नकोस, स्वतःच्या घराचा विचार कर. ज्याला मी सगळ्यात जास्त हवा होतो, तोच मला म्हणाला, जा!" डीनचा आवाज फाटला. "अशी माणसं सोडून मी कुठे जाऊ? आज सकाळी साडेअकराला मी मिस्टर सटक्लिफच्या कागदावर सही केली आणि तो क्लबच्या टपालपेटीत टाकला. दोन वर्षं! मी कुठेही जात नाही. आणि याचं सगळं श्रेय विल्फ्रेड एकरॉइड यांना!"

हॉलमध्ये कुणाच्या तरी हातातून मटारांचा चमचा पडला, तो शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेला. चारशे माना विल्फकडे वळल्या. सटक्लिफचा चेहरा पुदिन्याच्या चटणीच्या रंगावर गेला.

नॉर्मन विल्फच्या कानात फिस्कारला, "काय सांगितलंस तू त्याला?"

"जा म्हणून सांगितलं!"

"मग?"

"मग तो राहिला!"

शेवटी टाळ्या वाजवल्या त्या एकट्या डोरीनने. तिच्या मागून केलीने, आणि मग लाजेकाजेस्तव सगळ्यांनी. डीनने टेबलाला वळसा घालून विल्फला मिठीत उचललं. विल्फचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते आणि चेहऱ्यावर जे काही होतं त्याला लोक आनंदाश्रू समजले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

पुढचं सगळं रीतसर झालं. डीन येत नाही म्हटल्यावर क्रॅगफर्डकडे एका प्रॉपची जागा आणि तेवढा पगार मोकळा झाला. बुधवारी त्यांनी काफोआला घेतलं.

दर वर्षी गुड फ्रायडेला आमचा त्यांच्याशी सामना असतो, तसा नव्या हंगामातही होता. त्या दिवशी आमच्याकडे सकाळी देवाचं आणि दुपारी क्रॅगफर्डचं नाव घेतात. काफोआने तीन ट्राय केले. पहिल्या दोन वेळा डीन त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. तिसऱ्या वेळी पोचला. काफोआ त्याच्यावरून पायपुसण्यावरून जावं तसा गेला आणि डीनचं नाक सातव्यांदा मोडलं. तेव्हा आमचं अख्खं मैदान उठून उभं राहिलं आणि डीनच्या नावाने शंख करू लागलं. "म्हाताऱ्या, घरी जा!" "काठी आणून द्या रे त्याला!" आणि त्या सगळ्या गोंगाटात एक आवाज वेगळा ऐकू येत होता. तो बाकावर चढून, हातातला मफलर फिरवत, शिरा ताणून ओरडणाऱ्या विल्फचा होता.

"हाकला त्याला! कुणी ठेवला याला? कुणी ठेवला?"

डोरीनने त्याचा कोट धरून खाली ओढलं. "तू ठेवलास."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती!" विल्फ ओरडला आणि पुन्हा बाकावर चढला. सामना संपेपर्यंत तो उतरला नाही. घरी पोचला तेव्हा त्याचा आवाज पार गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही.

गुरुवारी सकाळी दुकानाचं दार उघडलं आणि डीन आत आला. नाकावर पांढरी पट्टी, दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं. बाकावर पेपर वाचत बसलेल्या नॉर्मनने पेपर डोळ्यांपर्यंत वर नेला. विल्फला वाटलं, कळलं याला. आता मारणार हा आपल्याला. त्याने मुकाट्याने कापड झटकलं आणि खुर्ची पुढे केली.

डीन खुर्चीत बसला आणि आरशात बघून त्याने नाकावरची पट्टी सारखी केली.

"शुक्रवारी सगळं मैदान मला शिव्या देत होतं, विल्फ," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चिखलातून मान वर करायची हिंमत होईना. वाटलं, संपलं आता, उद्याच निवृत्ती जाहीर करावी. मग म्हटलं, तिथे विल्फ बसलाय. एक माणूस तरी आपल्या बाजूने ओरडत असेल."

विल्फने बोलायला तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

डीन चमकून वळला. "आवाज बसला?"

विल्फने मान डोलावली.

"माझ्यासाठी ओरडून?"

विल्फने पेपरामागच्या नॉर्मनकडे बघितलं, मग जिन्यावर उभ्या असलेल्या डोरीनकडे बघितलं. ती हाताची घडी घालून शांत उभी होती. त्याने पुन्हा, अगदी हळू, मान डोलावली.

"मला ठाऊकच होतं!" डीनने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "बस्स, ठरलं. निवृत्तीचं नाव काढणार नाही. ही दोन वर्षं संपली की आणखी एक मागून घेतो. तुमच्यासाठी!"

विल्फने हात सोडवून घेतला आणि दोन्ही हात जोरजोरात हलवून नको नको म्हणून सांगितलं.

"अहो, आभार कसले मानताय," डीन म्हणाला, आणि डोळे मिटून त्याने डोकं मागे टेकवलं.